नानांची तंबाखू आणि कंपनीचा धूर

संकल्प ही एकच गोष्ट माणसाला पशूपासून वेगळं करते. हे वाक्य आमच्या कंपनीच्या हवामान-धोरणाच्या पहिल्या पानावर जाड अक्षरांत छापलेलं आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे. मी ते लिहीत होतो तेव्हा समोरच्या खुर्चीत नाना बसले होते. डाव्या तळहातावर तंबाखू, तिच्यावर नखभर चुना, आणि उजव्या हाताचा अंगठा इतक्या सावकाश फिरत होता की जगातली सगळी घाई दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला आलेली असावी. मग दोन टाळ्या. धूळ उडाली ती माझ्या कागदावर बसली आणि चिमूट नानांच्या ओठाआड गेली.

"एवढी शेवटची," नाना म्हणाले.

मी नुकताच 'संकल्प' या शब्दावर अनुस्वार दिला होता.

नानांना कागदोपत्री नाव होतं, आडनाव होतं, 'उपव्यवस्थापक, देखभाल' असा हुद्दाही होता. पण त्या नावाने त्यांना शोधत कुणी नगरच्या एमआयडीसीत आमच्या गेटवर आलं, तर वॉचमन सरळ सांगायचा, "असं कुणी नाही इथं." नाना कुठे आहेत असं विचारलं की तोच वॉचमन बोट दाखवायचा, "ते काय, धुराखाली."

लोखंडाचे तुकडे लालबुंद तापवायचे आणि मोठ्या हातोड्याखाली ठोकून त्यांचे ट्रॅक्टरचे सुटे भाग करायचे, एवढंच आमच्या कारखान्याचं काम. तापवायला तेलावर चालणारी एक जुनी भट्टी होती. तिला सगळे 'मोठी' म्हणत, घरातल्या थोरल्या जावेला म्हणतात तसं. मोठीचा धूर केडगावच्या नानांच्या गच्चीवरून दिसायचा आणि त्याच्या रंगावरून तेल नीट जळतंय की नाही हे नाना घरूनच ओळखायचे. वारा उलटा असला की वाळवणावर पडलेल्या काजळीवरून नानांची मंडळी, म्हणजे आमच्या वहिनीही ओळखायच्या.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तुमच्या ऑफिसात तो कदाचित सिगारेट सोडत असेल किंवा पोट कमी करत असेल. आमचे नाना तंबाखू सोडत. गुढीपाडव्याला सोडत, कारण नवं वर्ष. एक जानेवारीला सोडत, कारण तेही नवं वर्ष. एक एप्रिललाही सोडत, कारण कंपनीचं नवं वर्ष. एकदा पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा अंगठा तळहातावर फिरताना पाहून मी म्हणालो, "नाना, काल सोडणार होता ना?"

"व्हय. ठरलंय की," ते शांतपणे म्हणाले. "पुढच्या पाडव्याला."

सोडण्याचं शास्त्र त्यांनी स्वतः रचलं होतं आणि ते ऐकण्यासारखं होतं. आपण पूर्वीपेक्षा निम्मी खातो, असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. पूर्वी म्हणजे कधी, असं खोदून विचारल्यावर कळलं की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं वर्ष. पाथर्डीकडे त्यांचं गाव. त्या वर्षी दोन्ही पॅनलची तंबाखू पारावर उघडीच पडलेली असायची आणि नानांनी कुणाचंच मन मोडलं नव्हतं. त्या वर्षाशी तुलना केली तर गावातला कुणीही माणूस संत ठरला असता.

दुसरं कलम चहाचं. "तंबाखू वाढली न्हाई माझी," ते म्हणायचे. "एका चहामागं एकच चिमूट. पयल्यापास्नं तेच." चहा किती वाढले होते ते कँटीनवाल्याला माहीत होतं.

तिसरं कलम मागून खाल्लेल्या तंबाखूचं. ती देणाऱ्याच्या नावावर. "चंची त्याची, चुना त्याचा, मळली त्यानं. मी निस्तं तोंड दिलं," असा त्यांचा हिशेब. त्यामुळे त्यांची स्वतःची चंची महिना-महिना पुरे आणि हातोड्यावरच्या पोरांच्या पुड्या दुपारीच संपत.

आणि या सगळ्यावरचा कळस म्हणजे वहिनींचे उपवास. सोमवार, शनिवार, संकष्टी. नानांच्या तोंडाला काही होऊ नये म्हणून वहिनी ते करत. नाना मोठ्या अभिमानाने सांगत, "मी खातो तेवढं ती वजा करती."

हे सगळं ऐकून आम्ही हसायचो. तोवर वहिनींचं 'आ करा' पाहिलं नव्हतं.

ते मी केडगावला त्यांच्या घरी पाहिलं. रविवारची सकाळ होती, पोहे समोर आले होते. वहिनी पदर खोचून आल्या, माझ्याकडे न बघता नानांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आ करा."

"पाव्हनं बसल्यात."

"पाव्हन्याला पन बघू द्या. आ करा."

नानांनी तोंड उघडलं. वहिनींनी बोटं जुळवून, उभी करून दातांच्या मधे घातली. दोन गेली. तिसऱ्याला जागा नव्हती.

"तीन जायला पायजेत, भाऊजी," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "डाक्टर म्हन्ला, गालाचं कातडं आतून आखडत चाललंय. आज सोडली तर हितंच थांबंल. न्हाई सोडली तर एक बोट. मंग भाकर कशी जायची? पेज पाजू का नळीनं?"

"आत्ता जातीय ना भाकर?" नाना म्हणाले आणि पोह्यांचा घास घेतला. लहानसाच घेतला, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी आत जाता जाता म्हणाल्या, "उपास मी करीन जन्मभर. तोंड माझं न्हाई, तुमचं बारीक व्हायलंय."

त्याच सुमारास कंपनीला परदेशातून एक ईमेल आली. आमचा अर्धाअधिक माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, तुम्ही तुमचा कार्बन कधी आणि किती कमी करणार ते कळवा, कळवलंत तर आम्हाला आनंद होईल. परदेशी माणसांची धमकी नेहमी आनंदाने सुरू होते. शेवटच्या ओळीत पुढच्या ऑर्डरींचा उल्लेख होता.

कंपनी चालवत होते ते धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव. कामाला वाघ माणूस. पण सोहळा म्हटला की वाघाचा मोर व्हायचा. त्यांनी ताबडतोब बैठक घेतली. पहिल्या बैठकीत फ्लेक्सचा रंग ठरला, हिरवा. दुसऱ्या बैठकीत प्रमुख पाहुणे ठरले. तिसऱ्या बैठकीत खंडेनवमीचा मुहूर्त ठरला, कारण तेव्हा सगळे कामगार पूजेला एकत्र असतात आणि मांडवाचा वेगळा खर्च नाही. आता फक्त उद्दिष्ट ठरायचं राहिलं होतं. त्यासाठी पुण्याहून एक सल्लागारबाई बोलावल्या. बैठकीला नाना होते, कारण तेल आणि वीज त्यांच्या ताब्यात. मी होतो, कारण जे ठरेल त्याला विशेषणं लावणं हे माझं काम.

बाई हुशार होत्या, बोलणं स्वच्छ होतं. धाकट्या साहेबांना काय हवंय ते विचारून त्यांनी आराखडा केला होता आणि तो त्या पडद्यावर दाखवू लागल्या. पहिल्या चित्रात डोंगर, सूर्य आणि 'दोन हजार पन्नास सालापर्यंत नेट झिरो'. म्हणजे तोवर कंपनीचा धूर शून्य, आणि उरलासुरला झाडांनी वगैरे फेडलेला.

नानांनी खुर्चीतल्या खुर्चीत बोटांवर मोजून बघितलं. "त्या साली आपल्यातलं कोन असंल हितं?"

"मी असेन ना," धाकटे साहेब म्हणाले.

"असाल. पन तुमी बी रिटायर व्हायच्या घाईत असाल."

दुसरं चित्र आलं. किती कमी केलं हे कशाच्या तुलनेत मोजायचं, ते आधारवर्ष. साहेबांनी सुचवलेलं वर्ष म्हणजे एका मोठ्या ऑर्डरीसाठी तिन्ही पाळ्या चालून मोठीने आकाश काळं केलं होतं ते. त्या वर्षाशी तुलना केली तर आम्ही काहीही न करता बरंच कमी केलं होतं.

माझ्या शेजारची खुर्ची हलायला लागली. नानांचे खांदे हलत होते.

तिसरं चित्र. एकूण धूर किती हे मोजायचं नाही, दर टन मालामागे किती तेवढं मोजायचं. माल वाढला तर धूर वाढेल, पण टनामागे वाढणार नाही. नानांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

चौथं चित्र. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये आपण बाहेरून करून घेतो त्या कामाचा धूर यात धरलेला नाही, कारण भट्टी त्यांची, तेल त्यांचं. रुमालातून एक विचित्र आवाज आला.

पाचवं चित्र. भंडारदऱ्याच्या बाजूला कंपनीतर्फे वृक्षारोपण.

नाना उठले आणि दाराकडे धावले. तंबाखू तोंडात असताना माणसाला हसता येत नाही, ही या व्यसनातली सर्वांत मोठी अडचण. बाहेर नळाचा आवाज झाला, आणि मग व्हरांड्यात एक माणूस मोठमोठ्याने एकटाच हसत असल्याचा. बाई पडद्याशेजारी उभ्या होत्या. धाकटे साहेब माझ्याकडे बघत होते, जणू हसणं हा माझा विभाग आहे.

नाना डोळे पुसत आत आले. "माफ करा बाई. तुमाला न्हाई हसलो. घरचीच मानसं परक्या गावात भेटल्यावानी झालं."

"म्हणजे?"

"ही समदी माझीच हायेत!" नाना पडद्याकडे हात करून म्हणाले. "पन्नास साल म्हंजे माझा पुढचा पाडवा. ते तीन पाळ्यांचं साल म्हंजे माझी निवडनूक. टनामागं धूर म्हंजे चहामागं चिमूट. पल्याडची शेड म्हंजे मागून खाल्लेली तंबाखू. आन झाडं..." इथे त्यांना परत हसू आलं, पण या वेळी ते मधेच थांबलं. "झाडं म्हंजे आमच्या मंडळीचं उपास."

मग सल्लागारबाई हसू लागल्या. खुर्चीवर बसून, चष्मा काढून हसल्या. "काका, प्रत्येक कंपनीत मला हेच दिसतं," त्या म्हणाल्या. "पण फी घेतलेली असते, हसता येत नाही."

धाकटे साहेब मात्र लाल झाले. "नाना, एवढं कळतं तर तुमची तंबाखू सुटली का?"

"न्हाई सुटली साहेब. म्हनून तर वळखतोय. ज्याला सोडायचंच नसतंय ना, त्योच लांबची तारीख घेतो."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"मोठी बंद करा. माझ्या नोकरीत. ह्यो सोडून मला तीन दसरे हायेत अजून. तेवढ्यात विजेवरची भट्टी घ्या, वर छतावर सोलर टाका, आन मोठीला सुट्टी द्या. तुमचं पन्नास साल ऱ्हाऊ द्या की फ्लेक्सवर, मी कुठं पुसतोय? पन एक तारीख अशी पायजे की ती चुकली तर तुमाला आन मला हितंच, ह्याच मानसांपुढं, तोंड दाखवायला लागंल."

बाई म्हणाल्या, "सर, पाच-दहा वर्षांच्या आतलं जवळचं उद्दिष्ट हवंच, असं या विषयातल्या जाणकारांचंही म्हणणं आहे. ते माझ्या शेवटच्या चित्रात आहे. पण शेवटच्या चित्रापर्यंत मी अजून कुठल्याच कंपनीत पोचलेले नाही. त्याआधी जेवण येतं."

धाकट्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. नवी भट्टी म्हणजे मोठं कर्ज, आणि ते त्यांना वडिलांपुढे मांडायचं होतं. पण त्यांचा स्वभाव पैजेचा. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही तंबाखू सोडा, मी भट्टी सोडतो. आधी तुम्ही."

"आधी तुमी."

"वयाने तुम्ही मोठे."

"धूर तुमचा मोठा."

मोठमोठी राष्ट्रंही नेमकी इथेच अडतात असं मी वाचलेलं आहे. फरक एवढाच की त्यांना भांडायला दुभाषे लागतात. बैठक तशीच उठली, आणि खरोखरच जेवण आलं.

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे भट्टी-हातोड्याच्या विभागात, खंडेनवमीची एक रीत आहे. ती कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण नानांनी ती पाळून घेतली होती. वर्षभरात त्या एकाच दिवशी मोठी थंड असे. तिला झाडून-पुसून, दारावर हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची. हातोड्याला माळ, क्रेनच्या आकड्याला माळ, पाने-पकडी पोत्यावर मांडून त्यांना फुलं. आणि नारळ फुटण्याआधी प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर हात ठेवून त्याला वर्षाचं एक वचन मोठ्याने द्यायचं. तुझं तेल वेळेवर बदलीन. तुझ्यावर डबा ठेवणार नाही. साधीच वचनं. पण हत्याराला खोटं सांगायचं नाही, असा नियम. एका फिटरने लेथला ग्रीसचं वचन देऊन पाळलं नव्हतं, तर लेथने वर्षभर त्याचा माल बिघडवला, असं सगळे सांगत. तो फिटरही सांगे.

त्या वर्षी धाकटे साहेब मोतिया रंगाचा रेशमी कुडता घालून आले. मागे हिरवा फ्लेक्स, पन्नास सालाचा, पडद्याने झाकलेला. प्रमुख पाहुणे घड्याळाकडे बघत होते. वचनं सुरू झाली. क्रेनवाल्याने दिलं, हातोडेवाल्यांनी दिलं. शेवटी नाना मोठीपुढे गेले आणि तिच्या गार दारावर त्यांनी तळहात टेकवला.

"बाई," ते म्हणाले, "लई काम केलंस. आमची घरं तुझ्यावर झाली, पोरींची लग्नं झाली. पन आता तुला बंद करायचं मनात हाय. तुला खोटं सांगत न्हाई." मग त्यांनी कंबरेची चंची सोडली, चुन्याची डबी तिच्यात गुंडाळली आणि दार उघडून आत, विटांवर ठेवली. "ही तुझ्यापाशी. आजपास्नं न्हाई खानार. पुढचा पाडवा न्हाई. आजपास्नं."

कुणीतरी हसलं. नानांचं सोडणं ही आमच्याकडे नेहमीची करमणूक. पण नाना वळले नव्हते. हात दारावर तसाच होता, आणि ते मान वळवून धाकट्या साहेबांकडे बघत होते. मग हळूहळू सगळे कामगार साहेबांकडे बघू लागले. पाहुणेही बघू लागले, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग आहे.

धाकट्या साहेबांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे लिहिलेलं भाषण होतं, पण त्यात हे नव्हतं. ते पुढे आले. मोठीच्या दाराला कितीही पुसलं तरी काजळी असतेच. तिच्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तिसऱ्या खंडेनवमीला. बंद."

विशेषण एकही नव्हतं. शॉपमध्ये असा कल्ला झाला की फ्लेक्सचा पडदा कुणी ओढला ते कळलंच नाही. साहेबांनी आनंदात हात कुडत्याला पुसला.

सुट्टी संपून मोठी पेटली तेव्हा चंची आतच होती, बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. तासभर सगळ्या शॉपला असा ठसका लागला की हातोडा थांबवावा लागला. त्या दिवशीचा धूर कंपनीच्या खात्यात धरायचा की नानांच्या, हे मी फोन करून सल्लागारबाईंना विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

पुढचे दिवस मोठे मजेचे होते, नाना सोडून सगळ्यांना. त्यांच्या खिशात बडीशेप, लवंगा, फुटाणे, एकदा तर कच्ची चिंच. अंगठा मात्र सवयीने तळहातावर फिरतच असायचा, रिकामा. चिडचिड इतकी की कॉम्प्रेसरलासुद्धा ते "अहो" म्हणायला लागले. नाना रागावले की अहोजाहो करतात. हातोड्यावरची पोरं येता-जाता ओरडायची, "नाना, आ करा!" आणि नाना खरंच आ करून दाखवायचे.

मग त्यांनी ती गोष्ट सुरू केली जिच्यामुळे ते माझ्या लक्षात राहिले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते धाकट्या साहेबांच्या केबिनचं दार लोटून आत जायचे, टेबलापुढे उभे राहायचे, आणि तोंड उघडायचे. साहेब फोनवर असोत, समोर बँकेचे लोक असोत. तोंड मिटून नाना म्हणायचे, "माझं बघितलं? आता तुमचं दाखवा."

पहिल्यांदा साहेबांनी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा म्हणाले, कोटेशन मागवलंय. "मागवलंय म्हंजे पुढचा पाडवा," नाना म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. तिसऱ्या वेळी कोटेशन टेबलावर होतं. पुढे सोलरची माणसं छतावर दिसायला लागली. सल्लागारबाई वर्षाकाठी आकडे तपासायला यायच्या. तपासणीचे कडक नियम आणि पद्धती त्यांच्याकडे होत्या, पण त्या मला म्हणाल्या, "असं तोंड उघडून दाखवणारा लेखापरीक्षक मी पाहिला नाही."

सगळं सरळ झालं असं नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात पाथर्डीकडे भाच्याच्या लग्नाला नाना गेले आणि आल्यावर सोमवार नसतानाच केबिनमध्ये गेले. मी तिथेच होतो.

"साहेब, खाल्ली," ते म्हणाले. "मांडवात. ऊसतोडीवरून आलेला मैतर भेटला, त्यानं मळली, म्या घेतली. आन ती त्याच्या नावावर न्हाई. माझ्या."

धाकट्या साहेबांनी पेपरवेट बाजूला सारलं. मग म्हणाले, "नाना, नव्या भट्टीची ऑर्डर मीही या महिन्यात थांबवली होती. थोरल्या साहेबांना म्हटलं, पुढच्या वर्षी बघू."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मास्तरांनी बाहेर उभं केलेल्या दोन पोरांसारखे.

"मंग?" नाना म्हणाले.

"मग काय? तुम्ही परत सोडा. मी आज सही करतो."

"एवढी शेवटची," नाना म्हणाले, आणि दोघंही इतके हसले की बाहेरून शिपाई चहा घेऊन आला. नानांनी चहा घेतला. त्यामागे काही घेतलं नाही.

तिसऱ्या खंडेनवमीला मोठी थंड झाली ती परत पेटली नाही. शेजारी विजेवरची नवी भट्टी गुणगुणत होती. तिची वीज सगळीच छतावरून येते असं नाही, रात्री ती कुठून येते हे आम्ही अहवालात छापलं आहे, बाईंनी छापायला लावलं. नानांनी मोठीला शेवटची माळ घातली. बाकी कामगारांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. भाषणं होण्याआधी त्या सरळ व्यासपीठावर चढल्या.

"आ करा."

"अगं, समद्यांपुढं?"

"समद्यांपुढंच म्हन्ला हुतात ना?"

नानांनी तोंड उघडलं. दोन बोटं सहज गेली. तिसरं वहिनींनी जपून, तिरकं करून पुढे सरकवलं आणि ते पेऱ्यापाशी थांबलं.

"अडीच," वहिनींनी माईकमध्ये सांगितलं. डॉक्टरांच्या मते जे आखडलं ते पुरतं सुटणार नव्हतं. व्यायामाने एवढं सुटलं तेच खूप, आणि पुढे आखडायचं थांबलं होतं. कामगारांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी अडीचला मोठीपेक्षा जास्त टाळ्या दिल्या. धाकटे साहेब सर्वांत जोरात वाजवत होते. त्यांच्या अंगावर तोच मोतिया कुडता होता आणि त्यावरचा काजळीचा डाग वहिनींना विचारूनही निघाला नव्हता.

त्यानंतर लवकरच नाना निवृत्त झाले आणि थोरल्या मुलीकडे राहात्याला गेले. तिच्या सासरी पेरूची बाग आहे. अधूनमधून फोन येतो. "पेरू पाठवलेत. दातानं तोडून खातोय, बरं का," असं पहिलं वाक्य असतं. त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला आहे, पण पहिल्या सोमवारी केबिनचं दार कुणी लोटत नाही. धाकटे साहेब त्या सकाळी दाराकडे दोनतीनदा बघतात. नंतर स्वतःच उठून शॉपमध्ये जातात आणि पलीकडच्या शेडच्या धुराचं काय झालं ते विचारतात. ते काम अजून व्हायचंय. त्यालाही जवळची तारीख लावलेली आहे.

मोठी काढून टाकली तेव्हा त्या जागी एक स्मारक व्हावं असं साहेबांच्या मनात आलं. सोहळ्याची हौस ती, एका काजळीने जाते थोडीच. चौथरा झाला आणि त्यावर पितळी पाटी लागली. पाटीवर माझं वाक्य आहे: संकल्प ही एकच गोष्ट माणसाला पशूपासून वेगळं करते.

त्या पाटीखाली दुपारी वॉचमनचं कुत्रं झोपतं. भट्टी होती तेव्हा ते तिथे झोपत नसे.